दहा मुलं निवडली, तर बाकीच्यांचं काय?

पत्र : चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर शनिवार-रविवारी संध्याकाळी मुलांचा संगीत वर्ग भरतो. मी वाचनालयाची कार्यवाह आहे, मला स्वतःला गाणं येत नाही. वर्गात आठ ते पंधरा वयाची चाळीसेक मुलं आहेत. निम्म्याहून जास्त शेतमजुरांच्या घरची, काही पाड्यांवरची, इथे वसतिगृहात राहणारी. वर्ग सुरू केला तो आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी. दोन वर्षांपासून विशारद झालेली एक मुलगी जळगावहून एस.टी.ने येऊन शिकवते. तिला जाण्यायेण्याचं भाडं आणि वर्षाअखेरीस शाल-श्रीफळ एवढंच देतो. वाद्यं म्हणजे दोन पेट्या आणि एक तबला-डग्गा. यंदा मूळ गावच्या, पण आता पुण्यात असलेल्या एका गृहस्थांनी वर्गाला दीड लाख रुपये दिले. समिती म्हणते, साउंड सिस्टीम आणि कीबोर्ड घेऊ, चांगली गाणारी दहा मुलं निवडून त्यांचा संच बसवू, वर्धापनदिनाला मोठा कार्यक्रम करू, म्हणजे आणखी देणगीदार मिळतील. बाकीच्यांना 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचं. बुवा म्हणतात, मुलं वर्गात अहिराणी गाणी म्हणतात त्याने गळा बिघडतो, ती बंद करा. आठवीनंतर मुली गळतात, आवाज फुटला की मुलगे यायचे थांबतात. एक पावरा आदिवासी मुलगा ताल असा धरतो की बुवाही बघत राहतात, पण तो सुरात येत नाही, म्हणजे तो दहांत नाही. फी घ्यावी का, परीक्षांना बसवावं का, हेही ठरत नाही. आम्ही काय करावं?

ताई, नमस्कार.

दहा मुलं निवडू नका. बैठकीत बाकी कशावरही तडजोड करावी लागली तरी करा, पण एवढ्या एका गोष्टीवर मागे हटू नका. तालुक्याच्या गावांतल्या मुलांना गाणं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्या आधारावर सांगतो : दहाव्या वर्षी कोण चांगलं गातं यावरून पंधराव्या वर्षी कोण गात असेल ते कोणालाही सांगता येत नाही.

आठ-दहा वर्षांचं जे मूल पहिल्याच दिवशी सुरात गातं, त्याच्या घरी बहुतेक वेळा कोणीतरी गाणारं असतं. वडील भजनाला बसतात, कोपऱ्यात पेटी असते, हरिनाम सप्ताहात ते मूल टाळ घेऊन उभं राहिलेलं असतं. जे मूल चाचपडतं, त्याची आई दिवसभर कापूस वेचून येते, रात्री भाकरी थापते आणि पाठ टेकते. तुम्ही चाचणी घेतलीत तर वर येणारी दहा मुलं बरीचशी पहिल्या प्रकारच्या घरांतली असतील. ज्यांना घरी काही ऐकायला मिळत नाही त्यांच्यासाठी गावाने वर्ग काढला आणि पहिली मोठी देणगी आली त्याच वर्षी त्यांनाच 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचं, हे मला पटत नाही. त्या मुलांना यातलं 'पुढच्या वर्षी' ऐकूच येत नाही. त्यांना 'तुला येत नाही' एवढंच ऐकू येतं, आणि ते जन्मभर टिकतं. 'छे, मला कुठलं गाता येतंय' म्हणणारी किती मोठी माणसं तुम्हाला माहीत आहेत ते आठवून बघा. त्यांतल्या बऱ्याच जणांना शाळेच्या समूहगीतात कोणीतरी मागे उभं केलेलं असतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितलेलं असतं.

आता त्या पावरा मुलाविषयी. तो सुरात येत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते तुमच्या शिक्षिकेला एकदा त्याला एकट्याला बसवून बघू द्या. वर्गात पद्धत अशी असते की बुवा किंवा शिक्षिका आपल्या पट्टीत सा धरतात आणि चाळीस मुलांनी तो उचलायचा. काही मुलांना तो आपल्या आवाजात कुठे आहे तेच सापडत नाही. मग ती घसा ताणून ओरडतात किंवा खालीच कुठेतरी बोलल्यासारखं म्हणतात. अशा वेळी उलटं करावं. पेटी बाजूला ठेवायची. मुलाला म्हणायचं, तुला सोपा वाटेल तो एक सूर लांबव. तो जिथे थांबेल तिथली पेटीवरची पट्टी शोधायची आणि तीच दाबून धरायची. त्या दिवसापुरता तोच त्याचा सा. आवाज आणि पेटी जुळली की मुलाच्या चेहऱ्यावर दिसतं, कारण सूर मिळाला की कसं वाटतं हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळलेलं असतं. मग त्याच सा वरून सा-रे-सा, सा-रे-ग-रे-सा. काही आठवडे गेले की पट्टी एकेक घर वर न्यायची. यातून बहुतेक मुलं मार्गी लागतात. वेळ लागतो, आणि शिक्षकाला त्या मुलाजवळ बसायला उसंत लागते. ती उसंत कुठून आणायची याकडे पुढे येतोच, कारण तुमच्या दीड लाखांचा खरा प्रश्न तोच आहे.

त्या मुलाचा ताल पक्का आहे यात नवल नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर होळीला रात्रभर ढोल वाजतो, मुलं चालायला लागल्यापासून त्यात नाचतात. पेटी मात्र त्याने वसतिगृहात आल्यावर पहिल्यांदा ऐकली असेल. वर्गाचा ताल त्याच्या हाती द्या. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली (म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा), हे त्याने हातावर दाखवावं आणि बाकीच्यांनी त्याच्याबरोबर धरावं. तबल्याला त्याला आवर्जून बसवा. पण त्याचं गाणं बंद करू नका. 'हा तालाचा, हा सुराचा' अशी वाटणी या वयात करू नये. तबला वाजवणाऱ्याला बंदिश मनात म्हणता आली तर तो साथ वेगळीच करतो.

पैशाकडे येऊ. तुमच्या वर्गाला साउंड सिस्टीमची उणीव नाही. शनिवार-रविवार मिळून तुम्हाला तीनेक तास मिळत असतील. मुलं चाळीस, पेट्या दोन, शिकवणारी एक. प्रत्येक मुलाच्या वाट्याला स्वतंत्र असे चार-पाच मिनिटं आली तरी पुष्कळ. आणि सोमवार ते शुक्रवार काय? घरी वाद्य नाही, जागा नाही, सूर धरून देणारं कोणी नाही. शनिवारी मूल येतं तेव्हा मागच्या रविवारचं अर्धं विसरलेलं असतं, शिक्षिका पुन्हा तेच घेते, पुढची मुलं कंटाळतात, मागची लाजतात. वर्ग अडतो तो इथे, आणि पैसा इथेच लागला पाहिजे.

वाचनालय रोज संध्याकाळी उघडं असतं ना? मग माडीची किल्ली खाली ठेवा आणि आठवड्यातले तीन दिवस एक तास माडी रियाजासाठी उघडी करा. देखरेखीला नववी-दहावीची दोन जुनी मुलं पुरतील. त्यांनी शिकवायचं नाही, फक्त तानपुरा लावून द्यायचा, पाळी लावायची, गोंधळ होऊ द्यायचा नाही. तानपुऱ्याचं ॲप फोनवर फुकट मिळतं, एक साधा स्पीकर जोडला की झालं. आणि मुलांना पेटीपेक्षा तानपुऱ्यावर जास्त गाऊ द्या. पेटीवर प्रत्येक सूर वाजवून दिला की मूल पेटीच्या मागे मागे जातं, स्वतः ऐकत नाही.

दुसरं, वाद्यं घरी द्या. पुस्तकं घरी देण्याची वाचनालयाला सवयच आहे. नोंदवही करा, पेटीला नंबर घाला, पंधरा दिवसांची मुदत ठेवा, पालकाची सही घ्या. समितीत कोणीतरी म्हणेल, मजुराच्या घरी पंधरा हजारांची पेटी दिली तर मोडेल. माझा अनुभव असा की ज्या घरात एकच मौल्यवान वस्तू येते, ते घर तिला डोळ्यांत तेल घालून जपतं. मोडलीच तर दुरुस्त करू. पेटी वापरून बिघडते त्याहून न वापरता जास्त बिघडते. भात्याचं चामडं उंदीर कुरतडतात, झुरळं आत घर करतात.

नवीन वाद्यं घेण्याआधी गावात फिरा. जुन्या पेट्या कुठे कुठे पडून आहेत ते विचारा. शाळेच्या कपाटात प्रार्थनेची जुनी पेटी असते, एखाद्या भजनी मंडळाची माळ्यावर असते, कोणाच्या आजोबांची फडक्यात गुंडाळलेली असते. भात्याची गळती काढून आणि सूर लावून घेतले की यांतल्या बऱ्याच वर्गासाठी उत्तम चालतात. दुरुस्तीआधी जाणकाराला दाखवा, सूरच गेलेले असतील तर खर्च करू नका.

आपल्याकडच्या उन्हाचंही बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याखालच्या माडीत त्या दिवसांत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ताणून सुरात चढते, कधी फाटते, पेटीचं लाकूड आकसून सांध्यांतून हवा जायला लागते. पावसाळ्यात उलट, पुडी उतरते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. एप्रिलपासून वाद्यं खालच्या मजल्यावर, भिंतीपासून दूर, सुती कापडात ठेवा आणि वर्ग सकाळी घ्या. उन्हाळ्यात तबला रोज उतरवून ठेवायची मुलांना सवय लावा.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. ती मुलगी जळगावहून एस.टी.ने येते, दोन दिवस चाळीस मुलांना शिकवते, आणि तुम्ही तिला भाडं आणि शाल-श्रीफळ देता. ताई, हे थांबवा. तिने सात परीक्षा दिल्या आहेत : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण. एवढं शिकून ती तुमच्याकडे येते ते तिला आवडतं म्हणून, आणि आवडीचं काम म्हणून तिला फुकट राबवणं सोपं जातं. लग्न होईल, दुसरीकडे शिकवण्या मिळतील, एक दिवस ती यायची थांबेल. मग तुमच्याकडे साउंड सिस्टीम असेल आणि समोर बोलायला कोणी नसेल.

थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एखाद्या संस्थानिकाच्या दरबारावर न विसंबता लोकांच्या देणग्यांवर आणि जाहीर कार्यक्रमांच्या उत्पन्नावर त्यांनी ते चालवलं. घराण्याबाहेरच्या साध्या घरांतल्या मुलांना वर्गात बसवून, स्वरलिपीची पुस्तकं हातात देऊन शिकवायचं ही पद्धत त्यांनी रुजवली. आज तुमच्या माडीवर जे चाललं आहे ते त्याच वाटेवरचं आहे. पुढे त्यांनी मुंबईत शाळेसाठी मोठी इमारत उभी केली आणि ती कर्जापायी त्यांच्या हयातीतच गेली. पण त्यांनी तयार केलेले शिकवणारे शिष्य गावोगाव उभे होते. १९३१ मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमची शिक्षिका ज्या परीक्षा देऊन विशारद झाली, त्या बहुधा याच मंडळाच्या असतील. इमारत जाऊनही काम चालू राहिलं ते शिकवणाऱ्या माणसांमुळे. समितीत कोणी वस्तू घेण्याचा आग्रह धरला तर हा इतिहास जरूर सांगा.

दीड लाखाची माझी मांडणी साधारण अशी. शिक्षिकेला महिना पाच हजार मानधन, म्हणजे वर्षाचे साठ हजार, भाडं वेगळं. तीन नव्या पेट्या, शिकाऊ पण चांगल्या लाकडाच्या, पंचेचाळीस हजारांच्या आसपास. एक तबला-डग्गा आणि एक ढोलकी, बारा हजार. जुन्या पेट्यांच्या दुरुस्तीला दहा हजार. उरतात तेवीस हजार, त्यातून भाडं, कार्यक्रम आणि मुलांची एक सहल. दर तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते विचारून घ्या. पण मानधनाची रक्कम सगळ्यात आधी बाजूला काढून बँकेत ठेवा, आणि वर्गाचं खातं वाचनालयाच्या अनुदानाच्या हिशोबापासून पूर्ण वेगळं ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणाला तुम्हीच अडचणीत याल.

'पुढच्या वर्षी काय?' असं समिती विचारेल, आणि विचारायलाच हवं. मोठ्या कार्यक्रमाने मोठा देणगीदार येईल ही आशा आहे, भरवसा नाही. त्यापेक्षा गावातली पन्नास घरं शोधा, जी महिन्याला शंभर रुपये देतील. झाले पाच हजार, म्हणजे शिक्षिकेचं मानधन. पन्नास घरांनी पैसे दिले की पन्नास घरांना वर्ग आपला वाटतो, आणि पुण्याचे गृहस्थ पुढे पाठवोत न पाठवोत, वर्ग चालतो. या घरांना वर्षाकाठी हिशोबाचा कागद हातात द्या.

फीचं उत्तर यातच आलं. ज्यांना जमेल त्यांनी महिना पन्नास द्यावेत, ज्यांना जमत नाही त्यांना विचारूच नये. कोण देतं आणि कोण देत नाही ते फक्त तुम्हाला माहीत असावं, फळ्यावर कधीही लिहू नका. मानधन मात्र फीच्या जमेवर ठेवू नका.

कार्यक्रम करा, जरूर करा, पण चाळीस मुलांचा. चाळीस मुलांना एकत्र गायला बसवणं अवघड नाही. काहींनी नुसता सा आणि प धरून ठेवायचा, तानपुऱ्यासारखा. काहींनी गायचं. काहींनी टाळ, काहींनी हातावर ताल. भूप सारख्या पाच स्वरांच्या रागातली एक बंदिश, एक अभंग, दोन अहिराणी गाणी, एवढं पुरे. साउंड सिस्टीम त्या एका संध्याकाळपुरती भाड्याने आणा. कीबोर्ड नको. त्यात ताल आपोआप वाजतो आणि मुलांनी महिनोन्‌महिने हातावर धरलेली मात्रा वाया जाते, शिवाय एक जण वाजवतो आणि बाकीचे बघत बसतात.

बुवांचा मुद्दा मी हलका समजत नाही. ज्या माणसाने वर्ग सुरू केला त्याला गळ्याची काळजी असणारच, आणि मुलं लग्नाच्या वरातीत डीजेच्या आवाजावर किंचाळतात त्याने गळा खरोखर बिघडतो. पण त्यात भाषेचा दोष नाही. गळा बिघडतो तो वरच्या पट्टीत ओरडण्याने. आपल्या बायकांची आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाईची (श्रावणातल्या देवीच्या सणाची) गाणी बहुतेक चार-पाच सुरांतच फिरतात, सावकाश, झोक्याच्या लयीत. नवख्या मुलाला याहून सोयीचं काय द्यायचं? शब्द पाठ असतात, चाल अंगात असते, मग सगळं लक्ष सुराकडे देता येतं. आखाजीला गौराई बसली की मुली झोक्यावर जी गाणी म्हणतात, तीच वर्गात तानपुऱ्यावर म्हणायला लावा आणि मग विचारा, यातला पहिला सूर सा आहे की ग? मुलं स्वतः शोधतील. त्या शोधण्यातून ती स्वरलिपी लिहायला शिकतात, आणि ती वही गावाच्या उपयोगाची होते, कारण आजीच्या तोंडी असलेली कितीतरी गाणी कुठेही लिहिलेली नाहीत.

बुवांना हे काम द्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा रात्रीच्या जागरणाला कोणकोणत्या घरी जुनी गाणी म्हणतात ते बुवांना नक्की माहीत असेल. तिथल्या आज्यांना एका शनिवारी माडीवर बोलवा. आसपास वहीगायन, हा आपल्या खान्देशातला लोकगायनाचा प्रकार, करणारी मंडळी असतील तर त्यांनाही. मुलांनी मांडी घालून समोर बसावं आणि ऐकावं. पावरा मुलालाही त्याच्या पाड्यावरचं एक गाणं शिकवायला सांगा, चाळीसही जणांनी ते त्याच्या भाषेत म्हणावं. आणि शास्त्रीय शिक्षणाला यातून धक्का लागेल अशी भीती कोणी घालू नये. बालगंधर्वांचे गाण्याचे पहिले धडे जळगावात मेहबूबखाँसाहेबांकडे झाले. खान्देशच्या हवेत रागदारीही वाढली आणि ओवीही, दोन्ही एकाच गावात, शेजारी शेजारी.

जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. सहलीचे पैसे त्यासाठी ठेवा. बारा वर्षांखालच्या मुलांना आणि सगळ्या मुली-बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा नाही. पूर्ण वेळ नाही बसली मुलं तरी चालेल. खऱ्या मैफलीत तानपुरे जुळवताना एकदा ऐकलं की वर्गातल्या सा चा अर्थ त्यांना वेगळाच लागतो.

मुली आठवीनंतर का गळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्ग संध्याकाळी, हिवाळ्यात सहालाच अंधार, घरी धाकटी भावंडं, आणि वर 'आता मोठी झाली, स्टेजवर कशाला' हे बोलणं. वेळ बदला. रविवार सकाळ ठेवता येईल का बघा, नाहीतर दिवेलागणीच्या आत वर्ग सुटलाच पाहिजे असा नियम करा. एका आळीतल्या मुली एकत्र येतील-जातील अशी जोडणी करा. वर्षातून दोनदा तुम्ही आणि शिक्षिका मिळून मुलींच्या घरी जा, आईशी बोला. सत्कार-बित्कार नको, चहा पुरे. एक मुलगी एकटी एस.टी.ने येते, गाणं शिकवते आणि त्याचे पैसे कमावते, हे त्या आयांनी डोळ्यांनी पाहिलं की माझ्या सल्ल्याची गरज उरत नाही. म्हणून तिचं मानधन हा मुलींचाही प्रश्न आहे, असं मी म्हणतो.

मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधरा या वयात फुटतो. कालपर्यंत वर सहज जाणारा आवाज मध्येच तडकतो, मुलं हसतात आणि तो यायचा बंद होतो. हे त्याला आधीच सांगून ठेवा, अकराव्या वर्षीच, की हे होणार आहे, हा आजार नाही, आवाज खाली उतरून पुन्हा बसतो. त्या काळात त्याला तार सप्तकात, वरच्या सुरांत, नेऊ नका, जोर लावायला लावू नका. मंद्र आणि मध्य सप्तकातले, म्हणजे खालचे आणि मधले, पाच-सहा सूर, हळू आवाजात, दिवसाकाठी थोडा वेळ. पट्टी दर महिन्याला तपासा. उरलेला वेळ तबला, ढोलकी, लहान मुलांना ताल शिकवणं. काम आहे म्हटल्यावर तो येत राहील. रियाजाच्या तासाची देखरेख याच वयाच्या मुलांकडे द्या.

परीक्षांबद्दल थोडक्यात. ज्यांना द्यायच्या त्यांनी द्याव्यात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण लागतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून सहावी-सातवीतच सुरुवात करावी लागते. शाळेत विचारून घ्या. परीक्षेची फी ज्यांना जड आहे त्यांची वर्गाने भरावी. पण किती मुलं उत्तीर्ण झाली यावर शिक्षिकेला तोलू नका, नाहीतर ती परीक्षेपुरत्या चार बंदिशी घोटून घेत बसेल. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची एक शिष्यवृत्ती दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, आणि तिच्यात पारंपरिक कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी आणि आदिवासी मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. त्या पावरा मुलाचं आणि वहीगायन करणाऱ्या घरातल्या मुलांचं वय बघा आणि अर्ज भरायला बसा. हा कागदपत्रांचा भाग तुम्ही कार्यवाह म्हणून उत्तम कराल. गाणं येत नाही म्हणता, पण वर्गाला आज तुमच्यासारख्या माणसाचीच गरज आहे.

देणगी देणाऱ्या गृहस्थांना समितीच्या आधी तुम्ही स्वतः पत्र लिहा. पैसे कशाला लावणार ते आकड्यांसह सांगा, वस्तूवर नाव कोरण्याऐवजी एका वर्षाचं मानधन त्यांच्या नावे आहे असं लिहा. त्यांचा होकार हातात असला तर बैठकीत तुमची बाजू भक्कम होईल. आणि बैठकीला शिक्षिकेला बोलवा. दोन वर्षं ती मुलांना शिकवते आहे आणि तुमच्या पत्रात तिचं मत मला कुठेही दिसलं नाही. दहा मुलांचा संच बसवायचा तर तो तिनेच बसवायचा आहे, मग तिला आधी विचारा. रविवारी वर्ग सुटल्यावर बैठक ठेवा, तिचा विषय पहिला घ्या, आणि जळगावची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघून वेळ ठरवा.